मॅग्नेपॅन १.७आय : स्पीकरच्या पाठीमागची साडेचार फूट जागा

स्पीकर घ्यायचे म्हटले की लोक किंमत विचारतात, वॅट विचारतात. मॅग्नेपॅन या अमेरिकी कंपनीच्या १.७आय या स्पीकरबद्दल मला कुणी विचारलं तर मी आधी उलट एक प्रश्न विचारते. भिंत सोडून साडेचार फूट पुढे, खोलीत, माणसाएवढं काहीतरी उभं राहिलेलं तुमच्या घरात चालणार आहे का? चालणार नसेल तर हे स्पीकर घेऊ नका, पैसे वाया जातील. चालणार असेल तर ख्याल ऐकणाऱ्या माणसासाठी या किमतीत याहून चांगलं काही मी तरी ऐकलेलं नाही.

१.७आय म्हणजे साडेचौसष्ट इंच उंच, सव्वाएकोणीस इंच रुंद आणि जेमतेम दोन इंच जाड अशी दोन पॅनल. कपाटाची दारं काढून उभी केल्यासारखी दिसतात. आत खोका नाही, कागदाचा शंकू नाही. ताणून बसवलेली मायलर या प्लास्टिकची पातळ फिल्म, तिच्यावर चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या चपट्या पट्ट्या आणि त्यांच्यासमोर भोकं पाडलेल्या लोखंडी पत्र्यावर ओळीनं बसवलेले चुंबक, एवढाच कारभार. पट्ट्यांमधून प्रवाह गेला की सबंध फिल्म हलते. जिम वायनी हा थ्रीएम कंपनीतला इंजिनिअर. त्यानं ही रचना बसवली आणि १९६९ मध्ये मिनेसोटातल्या व्हाइट बेअर लेक या गावी कंपनी काढली. कारखाना आजही तिथेच आहे.

मी याच मिनेसोटात काही वर्षं नोकरीला होते. व्हाइट बेअर लेक आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर. १.७ हे मॉडेल २०१० मध्ये आलं तेव्हा जोडीची किंमत १,९९५ डॉलर होती. आय ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती. पुण्याला कायमचं परतताना सामानाबरोबर जोडी आणली. इथे या स्पीकरचा एक मोठा फायदा कळला. त्यांना विजेचं कनेक्शन लागत नाही. स्पीकरला शक्ती पुरवणारा अमेरिकेतला १२० व्होल्टचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) तिथेच विकावा लागला, पॅनल मात्र जशीच्या तशी कोथरूडच्या हॉलमध्ये उभी राहिली.

आवाज मात्र जसाच्या तसा आला नाही, येणारही नव्हता. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, भिंती हा माझा रोजचा विषय. तिकडे बेसमेंटमध्ये लाकडी चौकटीवर ठोकलेला जिप्सम बोर्ड होता, खाली गालिचा होता. असा बोर्ड खर्जाच्या लाटेबरोबर थोडा लवतो आणि त्यातली शक्ती खाऊन टाकतो. पुण्यातल्या भिंती सहा इंची विटांच्या, वर प्लास्टर, डोक्यावर आरसीसी स्लॅब, पायाखाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली तर ती झणझणत परत यायची. इथे काहीही शोषलं जात नाही, जे पाठवाल ते परत येतं. आणि हे स्पीकर तर पुढे जेवढा आवाज पाठवतात तेवढाच मागेही पाठवतात.

सगळी मेख या मागच्या आवाजात आहे. फिल्म पुढे सरकते तेव्हा समोर हवेचा दाब वाढतो आणि त्याच क्षणी मागे कमी होतो. म्हणजे मागची लाट पुढच्या लाटेच्या बरोबर उलटी असते. ती मागच्या भिंतीवर आपटून परत येते आणि उशिरानं पुढच्या लाटेत मिसळते. पॅनल भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर हा उशीर साडेतीन मिलिसेकंदांचा. एवढ्या कमी वेळात कान दोन आवाज वेगळे काढत नाही, स्वराची कड धुरकट होते. साडेचार फुटांवर तो आठ मिलिसेकंद होतो, आणि मग तीच परतलेली लाट धुरकटपणाऐवजी मागे खोल जागा असल्याचा भास देते. भिंतीपासून अंतर ठेवा असं सगळे सांगतात त्याचं हे कारण. पण किती अंतर, याचं उत्तर खोलीइतकंच तुम्ही काय ऐकता यावरही ठरतं. आमच्या घरी ते तंबोऱ्यानं ठरवलं.

हॉल अठरा फूट बाय बारा. पॅनल बारा फुटी भिंतीकडे ठेवून आवाज लांबीच्या दिशेनं सोडला. टाइल्स दोन फूट बाय दोन फुटांच्या असल्यामुळे जमिनीवर आयता आलेख आखलेला होता. सांध्यांवरून मोजायचं, पेन्सिलीनं खूण करायची, पॅनल सरकवायचं. पायांना खाली नमद्याचे तुकडे चिकटवले की एकटीला सहज सरकवता येतं. सुरुवात साडेपाच फुटांवरून केली, कारण तिकडे तेवढंच होतं आणि बरं वाजायचं.

आई गाणं शिकवायची. अजून रोज सकाळी काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात, तंबोरा लावून बसते. तिच्या पट्टीतल्याच एका गायिकेचं ध्वनिमुद्रण लावलं. आलाप सुरू झाला, मला छान वाटत होतं. आई डोळे मिटून ऐकत होती, मग म्हणाली, "अगं, पंचम लागतोय, जोड लागतीये, पण खर्ज बसत नाहीये. तार सैल असल्यासारखी वाटतीये." पंचम, जोड आणि खर्ज ही तंबोऱ्याच्या तारांची नावं, खर्ज सगळ्यांत खालच्या स्वराची.

मी कागद घेऊन बसले. साध्या खोक्याच्या स्पीकरमध्ये भिंतीवरून परतलेली लाट जाऊन-येऊन अर्धी तरंगलांबी चालली की मूळ लाटेला मारते. आपल्या पॅनलची मागची लाट मुळातच उलटी, म्हणून इथे हिशेब फिरतो. जाण्यायेण्याचं अंतर एक पूर्ण तरंगलांबी झालं की स्वर पातळ होतो आणि अर्धी झालं की भरतो. साडेपाच फुटांवर हा पातळ होणारा स्वर निघतो साधारण १०२ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १०२ कंपनं. काळी चारचा षड्ज २०८ हर्ट्झचा, म्हणजे खर्जाची तार १०४ची. आईनं कानानं जे सांगितलं ते आकड्यात असं उतरलं. परतलेली लाट मूळ लाटेपेक्षा दुबळी असते, त्यामुळे स्वर नाहीसा होत नाही. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, तर सगळी वरच्या स्वयंभू स्वरांमध्ये (तारेतून आपोआप निघणाऱ्या उपस्वरांमध्ये) असते, तिला धक्काही लागत नाही. कमी होतं ते तारेचं अंग. आणि ज्यानं जन्मभर तंबोरा मांडीवर घेतला आहे त्याला ते लगेच कळतं.

पॅनल चार फुटांवर आणली. आता पातळ होणारा स्वर १४१वर गेला. आईचा खर्ज भरला, पण पुरुष गायकांची काळी एक लावली की गडबड, कारण काळी एकचा षड्ज १३९ हर्ट्झ, आणि तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन्ही तारा तिथेच. मग दोन्ही पट्ट्यांच्या तारा शेजारी शेजारी लिहिल्या. काळी एक : खर्ज ६९, पंचम १०४, जोड १३९. काळी चार : खर्ज १०४, पंचम १५६, जोड २०८. यात १०४ आणि १३९ च्या मध्ये मोकळी जागा दिसते. साडेचार फुटांवर पातळ होणारा स्वर १२५ हर्ट्झ येतो, त्या मोकळ्या जागेच्या जवळजवळ मध्यात. काळी एकमध्ये तो कोमल निषादाच्या जवळ पडतो, काळी चारमध्ये कोमल गंधाराच्या आसपास. राग गाताना तिथे स्वर लागेल आणि निघून जाईल, पण तंबोऱ्याची कुठलीही तार सतत तिथे वाजत राहणार नाही. शिवाय भरणारा स्वर ६२ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे काळी एकच्या खर्जाला थोडा हातभारही लागतो.

खरी खोली इतकी शहाणी नसते. छत आहे, सोफा आहे, लाटा तिरक्या येतात. पण पॅनल त्या खुणेवर उभी केली आणि आईनं मान हलवली. त्यानंतर खूण बदललेली नाही. तुमची आवड ऑर्केस्ट्राची किंवा पियानोची असेल तर तुमचा आकडा वेगळा येईल, पण मोजण्याची रीत हीच.

अंतर ठरलं तरी मागच्या भिंतीचा पोत राहतोच. आमच्या त्या भिंतीत उजवीकडे बाल्कनीचा सरकता काचेचा दरवाजा आहे, डावीकडे पुस्तकांचं कपाट. पुस्तकं आणि दिवाळी अंकांचे कमीजास्त खोलीचे गठ्ठे आवाज विखुरतात, आणि या स्पीकरला नेमकं तेच हवं असतं. काच तो सरळ परत फेकते. परिणाम असा की गायिका मध्यभागी न बसता उजवीकडे झुकायची आणि तिच्या आवाजाला त्या बाजूला चकाकी यायची. जाड पडदा लावून पाहिला तर मागच्या लाटेतला वरचा सगळा भाग मेला, नुसता खालचा उरला, आणि जागेची खोली गेली. शेवटी काचेच्या आत, तिच्यापासून वीतभर पुढे, वेताच्या विणीचं घडीचं पार्टिशन उभं केलं, जरा नागमोडी. त्यानं विखुरण्याचं काम केलं. पहाटे रस्ता शांत असतो तेव्हा मी दरवाजा उघडाच टाकते. मग त्या बाजूला भिंतच उरत नाही, मागची लाट बाल्कनीतून बाहेर निघून जाते. ललत ऐकावा तर अशा वेळी.

तिरकेपणा हा पुढचा विषय. या पॅनलमध्ये ट्वीटर, म्हणजे सगळ्यांत वरचे स्वर वाजवणारा भाग, मधोमध नसतो, एका उभ्या कडेला असतो. जोडी एकमेकीची आरशातली प्रतिमा असल्यामुळे ट्वीटर आतल्या बाजूला ठेवायचे की बाहेरच्या, हे आपल्या हातात असतं. नियम एकच. कानापासून ट्वीटरच्या कडेचं अंतर दुसऱ्या कडेइतकं किंवा किंचित जास्त हवं, कमी नको. मी ट्वीटर आत ठेवले, कारण गळा नेमका एका जागी बसतो. बाहेर ठेवले तर पट मोठा होतो, सतार-सरोदच्या जुगलबंदीला ते शोभतंही, पण एकट्या गायकाचा आवाज पसरतो. आत ठेवले की पॅनल श्रोत्याकडे वळवावं लागतं. त्यासाठी मोजपट्टीचं एक टोक बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर कुणाला तरी धरायला सांगा आणि दोन्ही कडा मोजा. दोन्ही पॅनलची मापं अर्ध्या इंचात जुळली पाहिजेत.

जुळली की नाही हे तपासायला स्टिरिओ रेकॉर्ड वापरू नका. जुनी मोनो मुद्रणं लावा. मी केसरबाई केरकरांच्या ७८च्या तबकड्यांवरून केलेल्या प्रती लावते. तीन मिनिटांत अख्खा राग, मुद्रणात खरखर, खालचे स्वर जवळजवळ नाहीत. पण दोन्ही पॅनलमधून तोच एक आवाज येत असल्यामुळे तो बरोबर मध्ये, रिकाम्या जागेत उभा राहायला हवा. राहिला नाही, फुगला किंवा एका बाजूला सरकला, तर पॅनल हलवायचं. खरखर मात्र दोन्हीकडे पसरून राहते आणि गळा तिच्यातून सुटा होऊन पुढे येतो. इतक्या जुन्या मुद्रणात केसरबाईंच्या तानेचा दाणा न् दाणा असा वेगळा ऐकू येईल हे मला हे स्पीकर येईपर्यंत माहीत नव्हतं.

बाजूच्या भिंतींची काळजी फारशी करावी लागत नाही, आणि आपल्याकडच्या अरुंद खोल्यांसाठी ही मोठी सोय आहे. पॅनलच्या कडेच्या दिशेनं पुढची आणि मागची लाट एकमेकींना खोडतात, त्यामुळे बाजूला आणि वर-खाली फार कमी आवाज जातो. आमच्या हॉलची बारा फुटी रुंदी ४७ हर्ट्झला घुमते, साडेनऊ फूट उंची ५९ला. पूर्वीचे खोक्याचे स्पीकर याच दोन जागी ढोलासारखे घुमायचे आणि डग्ग्याच्या मींडेतला अर्धा भाग त्या घुमाऱ्यात बुडून जायचा. पॅनल त्या दोन दिशांना जवळपास छेडतच नाही. विटा-सिमेंटच्या खोलीत खालचे स्वर इतके स्वच्छ ऐकू येणं मला बेसमेंटमध्येही मिळालं नव्हतं.

आता आवाज. उंची हा याचा खरा गुण. जमिनीजवळून सुरू होऊन सव्वापाच फुटांपर्यंत आवाजाचा एकच उभा पट्टा असल्यामुळे तुम्ही सोफ्यावर बसा, उभे राहा, खाली गादीवर बसा, स्वराचा रंग बदलत नाही. आमच्याकडे ऐकायची रीत गादीवर बसून तक्क्याला टेकून. छोट्या स्पीकरला गादीवरून ऐकलं की वरची चमक डोक्यावरून निघून जाते. इथे तसं होत नाही. आणि गळा माणसाच्या मापाचा वाटतो. मल्लिकार्जुन मन्सूर श्वास न घेता एका आवर्तनातून पुढच्यात शिरतात, तेव्हा ती लय मला छातीत जाणवते, कारण स्वर आणि शब्द कुठल्या भोकातून येत नाहीत, समोरच्या हवेतून येतात. कुमार गंधर्व मधेच स्वर सोडून देतात, त्या सोडलेल्या जागेत तंबोरा किती भरून राहिला आहे तेही कळतं. हार्मोनियमचा भाता, तबल्याच्या चाटेवरचं बोट, सारंगीच्या गजाची सुरुवात, हे सगळं मुद्रणात असेल तर मिळतं.

मुद्रण वाईट असेल तर तेही मिळतं. कृत्रिम घुमारा घातलेल्या कित्येक नव्या सीडी मला या स्पीकरवर ऐकवत नाहीत.

मर्यादा आहेत आणि त्या रचनेतून येतात. खालची हद्द ४० हर्ट्झ. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, पायपेटी यांना पुरून उरते, काळी एकचा खर्जही ६९चा. पण चित्रपटातले स्फोट, क्लबचं संगीत, ढोल-ताशांचा दणका यांच्यासाठी हे नाहीत. डग्ग्याचा स्वर अचूक येतो, पण अंगावर येणारी थाप खोक्याच्या मोठ्या स्पीकरसारखी येत नाही. सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर, जोडून हे भरून काढायचा प्रयत्न लोक करतात. मी ऐकलेल्या जोडण्यांमध्ये वरचा आणि खालचा आवाज दोन वेगळ्या घरांतून आल्यासारखा वाटला. दुसरं, अगदी हळू आवाजात, रात्री साडेअकराला शेजाऱ्यांना जपून ऐकताना, पॅनल पुरेशी जागी होत नाहीत. त्या वेळी मी हेडफोन लावते.

ॲम्पवर कंजुषी करू नका. कंपनी संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो ते, ८६ डेसिबल लिहिते, पण ती २.८३ व्होल्टला, आणि ४ ओहमच्या स्पीकरला तेवढे व्होल्ट म्हणजे दोन वॅट. एका वॅटला हिशेब ८३चाच होतो. ८ ओहमला शंभर वॅट आणि ४ ओहमला जवळपास दुप्पट देणारा, म्हणजे प्रवाह द्यायला न कचरणारा ॲम्प हवा. छोट्या व्हॉल्व्ह ॲम्पवर गळा गोड वाजतो, पण तानेचा जोर आला की आवाज आखडतो. इथल्या उघड्या, फरशीच्या खोल्यांमध्ये वरचे स्वर टोचले तर पाठीमागे ट्वीटरच्या जोडणीत एक ओहमचा रेझिस्टर घालायची सोय आहे, तो स्पीकरबरोबरच मिळतो. हॉलमध्ये गालिचा येईपर्यंत मी तो वापरला, नंतर काढला.

घरात सांभाळायचं म्हणाल तर चार गोष्टी. दुपारचं ऊन पॅनलवर पडू देऊ नका. फिल्मवर पट्ट्या गोंदानं चिकटवलेल्या असतात आणि ऊन व उष्णता गोंदाचे वैरी आहेत. चौकट एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या तंतूंच्या फळीची आहे, तेव्हा ओल्या फडक्यानं फरशी पुसताना खालच्या कडेला पाणी लागू नये. आमच्या मावशींना हे एकदा दाखवलं, त्या आता तिथे कोरडं फडकं फिरवतात. धूळ वरवर मऊ ब्रशनं झटकायची, कापडावर दाब द्यायचा नाही. आणि ऐकताना छताचा पंखा बंद. पात्यांचा आवाज तंबोऱ्याच्या जवारीवरच येऊन बसतो. उन्हाळ्यात त्यासाठी ऐकायची वेळ बदलावी लागते. गणपतीत पाहुणे येतात तेव्हा पॅनल भिंतीला टेकवून ठेवते. विसर्जन झालं की टाइल्सवरच्या खुणांवर परत.

याच जातीतलं जुनं आणि मोठं नाव म्हणजे १९५७ सालचा इंग्लंडचा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक, पीटर वॉकर यांचा. मधल्या स्वरांत तो आजही कुणाला हार जात नाही. पण त्याच्या फिल्मवर हजारो व्होल्टचा भार असतो, तो धूळ ओढतो आणि दमट हवा त्याला मानवत नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तो सांभाळायची हिंमत असेल तर जरूर घ्या. मॅग्नेपॅनला तो प्रश्नच नाही.

खोली दहा बाय बाराच्या आसपास असेल तर १.७आयचा हट्ट धरू नका. त्याच कंपनीचे एलआरएस २०१९ मध्ये ६५० डॉलर जोडी या भावानं आले, चार फूट उंच, लहान खोलीसाठी बेतलेले. खालची हद्द ५० हर्ट्झ, म्हणजे तंबोऱ्याला अजूनही पुरेशी. मागची जागा मात्र त्यांनाही तेवढीच लागते. वापरलेली जोडी घेत असाल तर आवाज ऐकून भुलू नका. फोनवरून ४० ते ३०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा एकच स्वर मध्यम आवाजात वाजवा आणि कान पॅनलजवळ नेऊन वरपासून खालपर्यंत फिरवा. कुठेही फरफर ऐकू आली तर तिथली पट्टी सुटली आहे. मग पाठीमागचा ट्वीटरचा फ्यूज काढून बघा, मालकानं त्या जागी तार गुंडाळलेली असेल तर ती जोडी घेऊ नका.